वेताळ, स्पायडरमॅन आणि फाटकी पानं

सुपरहीरो म्हटलं की आजकालच्या पोरांच्या डोळ्यांसमोर आयर्न मॅन येतो, स्पायडरमॅन येतो, फारतर बॅटमॅन. माझ्या डोळ्यांसमोर येतो तो जांभळा घट्ट पोशाख, कंबरेला दोन पिस्तुलं, बोटात कवटीची अंगठी आणि पायाशी बसलेला लांडगा. वेताळ! इंग्रजी वाचणाऱ्यांचा तो फँटम, बंगाल्यांचा अरण्यदेव, पण आम्हा मराठी पोरांचा वेताळच. पन्नाशी उलटली तरी हा गडी काही डोक्यातून उतरत नाही. पण तो विक्रम राजाच्या खांद्यावरून धड उतरला नाही, माझ्या डोक्यातून काय उतरणार :)

यावर कधीतरी सविस्तर लिहायचं होतं. कॉमिक्समधले हीरो पडद्यावर आले की काही जण तिथे जास्तच जिवंत होतात आणि काही पार मरतात. असं का होत असावं? गेल्या चाळीसेक वर्षांत वाचलेलं-पाहिलेलं आठवून मी एका उत्तरापाशी आलोय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

आधी थोडं वेताळाबद्दल, कारण आमच्या घरातल्या नव्या पिढीला त्याची ओळखच नाही. ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रात रोज एक चित्रपट्टी अशी ही गोष्ट सुरू केली. सुपरमॅन आला १९३८ मध्ये, बॅटमॅन १९३९ मध्ये. म्हणजे अंगाला चिकटलेला पोशाख आणि डोळ्यांवर मुखवटा, ही सगळी फॅशन या दोघांच्या आधी वेताळाकडे होती. गंमत अशी, की त्याच्याकडे शक्ती मात्र एकही नाही. त्याला उडता येत नाही, भिंतीवर चढता येत नाही, आणि गोळी लागली तर चांगलं रक्त येतं. त्याची सगळी ताकद एका अफवेत आहे : हा मरत नाही!

आता खरी गोष्ट अशी, की १५३६ साली चाच्यांनी एक जहाज लुटलं. त्यातला एक तरुण वाचून किनाऱ्याला लागला. बापाला मारणाऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली, की मी आणि माझ्यामागून माझी मुलं चाचेगिरी, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी लढत राहू. तेव्हापासून बाप मेला की मुलगा मुखवटा चढवतो आणि लोकांना वाटतं, तोच तो. आपण वाचायचो तो एकविसावा. थोडक्यात, माणूस मरतोच, मुखवटा तेवढा अमर. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि वेताळ भारतात घरोघर पोचला. पुढे हिंदी, मराठी आणि इतरही भाषांत ते निघू लागलं. वर्तमानपत्रातल्या पट्ट्या कापून, जुळवून त्यांची पुस्तकं व्हायची. वेताळाच्या जोडीला जादूगार मँड्रेक आणि त्याचा लोथार, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी अशी मंडळी असायची. १९९० साली हे सगळं बंद पडलं.

फँटमचं मराठीत वेताळ कोणी केलं ते मला ठाऊक नाही, पण ज्याने केलं त्याला माझा साष्टांग नमस्कार. कारण वेताळ हा आपल्याकडे आधीपासून होताच. तो भुतांचा राजा आणि तोच गावाचा राखणदारही. कोकणात आरवलीला वेतोबाला भलेमोठे चामड्याचे जोडे वाहतात, कारण तो रात्री गावभर फिरतो आणि त्याचे जोडे झिजतात अशी श्रद्धा. रात्री फिरणारा, न मरणारा, दुष्टांना धाक आणि गरिबांना आधार... सांगा, यात आणि फॉकच्या हीरोत कितीसा फरक आहे? आमच्या आजीच्या गावाला, औंढ्याच्या बाजूला, शिवेवर शेंदूर फासलेला एक धोंडा होता. त्यालाही वेताळच म्हणत. आम्ही सुट्टीत कॉमिक्स घेऊन गेलो की आजी म्हणायची, "अरे, त्याचं चित्र घरात कशाला आणता? तो शिवेवरच बरा!" तिला चित्रातला माणूस गोरा आहे, अमेरिकेतून आलाय, हे कधी जाणवलंच नाही. नाव वेताळ ना? मग तो आपलाच.

आता आमच्या हिंगोलीबद्दल. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता, वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. निजामाच्या काळी इथे लष्कराची छावणी होती, त्यामुळे मोहल्ल्यांची नावं पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा अशी. आमच्यासाठी ही नावं म्हणजे पर्वणीच. रिसाला म्हणजे घोडदळ असं गुरुजींनी सांगितल्यावर वेताळाचा पांढरा घोडा तिथेच बांधलेला असणार, यावर आमचं एकमत झालं होतं. कयाधूच्या काठच्या बाभळींत आमचं घनदाट जंगल होतं. घनदाट म्हणजे एकूण चौदा बाभळी. पण जंगल किती मोठं ते मोजायची गरज कुणाला पडली होती?

नवं कॉमिक्स विकत घेणं आमच्या घरात बसण्यासारखं नव्हतं. बसस्टँडकडच्या एका दुकानात जुने अंक भाड्याने मिळायचे. शंभर हातांतून गेलेले, कव्हर निघालेले, पानं सुटलेले. पाच-सहा अंकांमागे एकाची तरी शेवटची पानं हमखास गायब! वेताळ खलनायकाच्या अड्ड्यात शिरलाय, मागून कोणीतरी बंदूक रोखलीय, आणि पुढे दोन पिना आणि थोडा फाटका कागद. मग शेवट कोण सांगणार? आमचा दादा. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. तो डोळे मिटून, गंभीर चेहरा करून उरलेली गोष्ट सांगायचा. त्याने ती कुठेतरी पूर्ण वाचली असणार अशी माझी कितीतरी वर्षं पक्की समजूत होती. पुढे एखादा अंक पूर्ण हाती लागायचा, खरा शेवट वाचायला मिळायचा आणि निराशा व्हायची. दादाचा शेवट जास्त चांगला होता!

तर मुद्दा हा, की कॉमिक्स आपल्याला जागा ठेवतं. नुसत्या फाटलेल्या पानांचीच ही गोष्ट नाही. धडधाकट अंकातही दोन चौकटींच्या मध्ये एक पांढरी पट्टी असतेच. पहिल्या चौकटीत वेताळाने मूठ उगारलीय, दुसरीत खलनायक जमिनीवर पडलाय आणि त्याच्या हनुवटीवर कवटीची खूण उमटलीय. मधला ठोसा कोणी मारला? तुम्ही! चित्रकाराने तो काढलेलाच नाही. आवाज, वेग, जंगलातला वास, सगळं वाचणाऱ्याने आपल्या पदरचं घालायचं. आणि सगळ्यात मोठी रिकामी जागा म्हणजे वेताळाचे डोळे. मुखवट्याच्या भोकांत बुबुळं कधीच नसायची, नुसती पांढरी जागा. तो रागावलाय की हसतोय हे आपणच ठरवायचं. त्या दोन पांढऱ्या ठिपक्यांतून मी कितीतरी वेळा बाहेर पाहिलंय.

आणि मग १९९६ साली सिनेमा आला. मी तो मागाहून केबलवर पाहिला, हिंदीतून. दिग्दर्शक सायमन विन्सर, वेताळाच्या कामात बिली झेन. तो स्वतः वेताळाचा चाहता, अंगही चांगलं कमावलेलं. पोशाख जांभळा, अंगठी आहे, घोडा आहे, लांडगा आहे, कवटीची गुहासुद्धा आहे. साडेचार कोटी डॉलर खर्चून केलेला सिनेमा अमेरिकेत पावणेदोन कोटींच्या आसपास अडकला. मला तो वाईट वाटला असं नाही. उलट तक्रार करावी असं काही सापडतच नव्हतं, तरी काहीतरी चुकत होतं. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं : अरे, याला डोळे आहेत! मुखवट्याच्या भोकांतून चांगले पाणीदार डोळे दिसताहेत. तो बिली झेन होता. मला आत शिरायला जागाच उरली नव्हती.

म्हणजे सिनेमा वाईट आणि पुस्तक चांगलं, असं का? तसंही नाही. ते फार सोपं उत्तर झालं. क्रिस्टोफर रीव्हचा १९७८ चा सुपरमॅन आम्ही एका गणपतीत पाहिला. मंडळाने व्हिडिओ आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणला होता. इंग्रजी एका अक्षराने कुणाला कळत नव्हतं, पण तो उडाला तेव्हा सगळी गल्ली ओरडली. आमच्या रामलीला मैदानावर दसऱ्याला रावण जळतो, दीडशे वर्षांहून जुनी परंपरा आहे. लांबलांबून लोक येतात. रावण बांबूचा आणि कागदाचा आहे हे चार वर्षांच्या पोरालाही दिसतं, तरी ते बापाच्या खांद्यावर अंग चोरून बसतं. बांबू दिसणं आड येत नाही. उरलेला रावण पोर स्वतः घडवून घेतं. भव्य दाखवलं म्हणून काही बिघडत नाही, पाहणाऱ्याला करण्यासारखं काहीच उरलं नाही की बिघडतं.

याच्या उलट उदाहरण म्हणजे सॅम रेमीचा स्पायडरमॅन. पहिला भाग २००२ चा, पण मी सांगतोय ते दुसऱ्यातलं, २००४ सालच्या. भरधाव आगगाडी थांबवून स्पायडरमॅन बेशुद्ध पडतो. मुखवटा आधीच गेलेला असतो. डब्यातले लोक त्याला डोक्यावरून, हातोहात आत नेतात, खाली ठेवतात आणि पाहतात तर काय, कोवळा पोरगा! सगळे गप्प. मग दोन लहान मुलं त्याचा मुखवटा आणून देतात आणि आम्ही कुणाला सांगणार नाही, असं वचन देतात. इथे चेहरा दिसतो, डोळे दिसतात, सगळं दिसतं. तरीही जागा आहे, कारण आपण त्या डब्यात उभे आहोत. गुपित आता आपल्यालाही सांभाळायचंय. कॉमिक्समधली पांढरी पट्टी पडद्यावर आणायची तर ती अशी! हा प्रसंग मी जितक्यांदा पाहिलाय, तितक्यांदा माझ्या घशात काहीतरी अडकलंय. बायको हसते.

आता जरा अवघड विषय.

माझा पुतण्या नांदेडला राहून नीटची तयारी करतो. वाढला तो सगळा मार्व्हलवर, आयर्न मॅनच्या चिलखताचे प्रकार क्रमाने सांगतो. गेल्या उन्हाळ्यात मी त्याच्या हातात आमचा जुना इंद्रजालचा गठ्ठा दिला. दुकान बंद झालं तेव्हा मालकाने रद्दीच्या भावात दिलेले साठेक अंक आहेत ते. दोन दिवस त्याने मुकाट वाचले आणि मग विचारलं, "काका, हे सगळे काळे लोक याच्या पाया का पडतात?"

हा प्रश्न आम्हाला त्या वयात पडला नव्हता. आता तो टाळता येत नाही. एक गोरा माणूस जंगलात सिंहासनावर बसतो, चारशे वर्षं त्याच्याच घराण्याची सत्ता, आणि तिथले मूळ रहिवासी त्याला देव मानतात. ही गोष्ट साहेबाच्या राज्यात साहेबाला आवडेल अशीच आहे. त्याहून मोठी गंमत पुढे आहे. फॉकची गोष्ट सुरुवातीला आशियात घडायची, आफ्रिकेत ती मागाहून गेली. आणि मूळ पट्टीतल्या त्या दुष्ट चाच्यांचं नाव काय? सिंग! म्हणजे ज्यांच्याशी लढायची शपथ घेतली, ते बहुधा आपल्याच बाजूचे. इंद्रजालच्या संपादकांनी शहाणपणाने सिंगचं सिंगा केलं आणि बंगालची आठवण करून देणारं देशाचं नाव बदलून डेंकाली ठेवलं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं आणि आम्ही खलनायकाच्या बाजूचे होता होता वाचलो.

मी पुतण्याला हे सगळं सांगितलं. हेही सांगितलं, की फॉकने पुढे त्याच देशाला लुआगा नावाचा, निवडून आलेला काळा राष्ट्राध्यक्ष दिला, आणि वेताळ त्याचा मान राखतो. फॉक १९९९ मध्ये वारला, तोवर तो ही गोष्ट लिहीत होता. काळाबरोबर थोडा तरी सरकला. पण मुखवटा काही त्या घराण्याबाहेर गेला नाही. आम्ही हिंगोलीची पोरं दोन पांढऱ्या ठिपक्यांतून आत शिरलो खरे, पण आम्हाला कुणी आत बोलावलं नव्हतं. नाव वेताळ होतं म्हणून दार उघडं आहे असं वाटलं.

मग तो गठ्ठा रद्दीत घालायचा का? मला नाही वाटत. आवडत्या माणसाचा दोष कळल्यावर त्याला घराबाहेर काढायचं ठरवलं तर घरात कोण उरेल? दोषासकट वाचावं, आणि पोरांना प्रश्न विचारू द्यावेत.

आणि तसं पाहिलं तर दार उघडायचं काम इंद्रजालनेच केलं होतं. १९७६ साली त्यांनी आबिद सुरती यांचा बहादूर आणला. चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. अंगात भगवा कुडता आणि खाली जीन्स, असा हा चंबळकडचा गडी. बाप डाकू, पोलिसांच्या गोळीने मेलेला. ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून बाप मेला, त्यानेच पोराला वाढवलं. बदला घ्यायला निघालेला हा मुलगा पुढे गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल उभारतो. पाहिलंत? इथेही बाप मारला जातो, इथेही एक प्रकारे शपथ आहे, पण हा बापाचा वारसा चालवत नाही, तो मोडतो. शिवाय एकटा लढत नाही, गावाला बरोबर घेतो. मोठ्या पडद्यावर मी बहादूरला कधी पाहिलेलं नाही. हे आपल्या सिनेमावाल्यांनी काय केलं, देव जाणे.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेच्या नशिबात मात्र २०१७ मध्ये चांगला सिनेमा आला. तो काही सुपरहीरो नाही, पण आमच्या पिढीला तेवढाच जवळचा. अमेय वाघचा बनेश मोठा झालाय, मेडिकलची प्रवेशपरीक्षा द्यायला पुण्यात येतो आणि परीक्षेतल्या घोटाळ्यात शिरतो. पुस्तकातला फुरसुंगीचा शाळकरी पोरगा हवा म्हणून काही जणांनी नाकं मुरडली. पण नांदेड-लातूरच्या क्लासेसमध्ये पोरांना ठेवून महिन्याचा हिशोब जुळवणाऱ्या आमच्यासारख्यांना विचारा, त्या सिनेमात काय बरोबर होतं ते. त्यांनी हीरोला आमच्या अडचणीत आणून उभं केलं. रूपांतर म्हणजे तरी दुसरं काय?

स्पायडरमॅनलाही आपल्याकडे यायला वेळच लागला. २००७ चा तिसरा भाग हिंदी, तमिळ, तेलुगू आणि चक्क भोजपुरीतही आला, मराठीत नाही. वेताळ १९९० च्या आधी मराठी बोलत होता आणि याला त्यानंतर एवढी वर्षं जमेना! दरम्यान २००४ मध्ये पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय स्पायडरमॅन कॉमिक्समध्ये येऊन गेला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी केलेला. खेड्यातून मुंबईला शिकायला आलेला, धोतर नेसणारा मुलगा, शाळेत सगळे त्याला हसतात. खेड्यातून शहरात शिकायला गेलेल्या कुणालाही ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. २०२३ च्या 'स्पायडरमॅन : अक्रॉस द स्पायडरव्हर्स'मध्ये तोच पवित्र पडद्यावर आला, आणि तो सिनेमा भारतात इंग्रजी धरून दहा भाषांत लागला. त्यात मराठीही होती! मला मराठी खेळ काही मिळाला नाही, आम्ही हिंदीतच पाहिला. पवित्रचं शहर मुंबई आणि मॅनहॅटनची खिचडी करून केलेलं 'मुंबॅटन' आहे, आणि 'चाय टी' म्हणणाऱ्यावर तो उखडतो. थिएटरात सगळ्यात मोठ्याने हसलो तो मी. तिकडचा माणूस इकडे येऊन राजा होतो ही जुनी गोष्ट, इकडचा पोरगा तोच मुखवटा चढवून बरोबरीने उभा राहतो ही नवी. मध्ये सत्त्याऐंशी वर्षं गेली.

दादाबद्दल थोडं सांगायला हवं. नात्यातल्या मंडळींना माहीतच आहे. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. त्याला सुपरहीरो वगैरे मी म्हणणार नाही, त्याला ते आवडलं नसतं. मेडिकलचं दुकान होतं, ते त्याने शेवटच्या आठवड्यापर्यंत उघडं ठेवलं, एवढंच.

दोन वर्षं आधी, २०१९ च्या उन्हाळ्यात, आम्ही तिघं नांदेडला 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' पाहायला गेलो होतो. दादा, त्याचा मुलगा आणि मी. तीन तासांचा सिनेमा. दादा मधला बराच वेळ झोपला होता. शेवटी जागा झाला, तेव्हा पडद्यावर कॅप्टन अमेरिका म्हातारा होऊन बाकावर बसलेला आणि आपली ढाल सॅमच्या हातात देत होता. सॅम, म्हणजे फाल्कन, काळा आहे आणि कॅप्टनचा मुलगा तर मुळीच नाही. दादा कानात म्हणाला, "हा तर वेताळच की रे! मुखवटा पुढच्याला दिला. अन् घरात नाही ठेवला, हे बेस केलं." बाकीचा सिनेमा न बघता त्याला तो आम्हा दोघांपेक्षा जास्त कळला होता.

गठ्ठ्यातल्या अंकांना दादाने तेव्हा खाकी कव्हरं घातली होती. ज्यांची शेवटची पानं नाहीत, त्यांच्या कव्हरच्या आतल्या बाजूला त्याने पेन्सिलीने शेवट लिहून ठेवले होते. हे मला माहीत नव्हतं. पुतण्याला सापडलं. बारा-तेरा वर्षांच्या दादाचं वळणदार अक्षर, पोराने प्रथमच पाहिलेलं. एका अंकाचा शेवट असा आहे, की खलनायक वाळवंटात पळून जातो. त्याला तहान लागते. कुणीच पाणी देत नाही, सगळे दारं लावून घेतात. मग वेताळ येतो, आधी त्याला पाणी पाजतो आणि मग पकडतो. बास, एवढाच शेवट, चार ओळींचा. ठोसा नाही, बंदूक नाही. हिंगोलीच्या मे महिन्यात, घागर घेऊन रांगेत उभं राहून आल्यावर लिहिलेला असणार. अमेरिकेत बसून फॉकला हा शेवट सुचला नसता. पुतण्याने ते कव्हर काळजीपूर्वक सोडवून आपल्या फिजिक्सच्या पुस्तकात ठेवलंय. मी काही बोललो नाही.

पाण्यावरून आणखी एक आठवलं, आणि तेवढं सांगून थांबतो. २०१८ मध्ये 'भावेश जोशी सुपरहीरो' नावाचा हिंदी सिनेमा आला होता. त्यातला मुखवट्यातला पोरगा मुंबईत पाण्याची चोरी करणाऱ्यांशी लढतो. चालला नाही. मला आवडला होता. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाणी भरून आगगाडी लातूरला येताना ज्यांनी पाहिली, त्यांना हा विषय परका वाटू नये. पण त्याहून भारी गोष्ट खरी घडलेली आहे. बहादूरचे जनक आबिद सुरती यांनी २००७ साली, वयाच्या सत्तरीनंतर, मुंबईजवळ मिरारोडला एक उद्योग सुरू केला. दर रविवारी एका प्लंबरला बरोबर घेऊन ते इमारतींतून फिरू लागले. दारावरची घंटा वाजवायची, विचारायचं, तुमच्याकडे कुठला नळ गळतो का? आणि गळत असेल तर वायसर बदलून द्यायचा. फुकट! पहिल्याच वर्षात त्यांनी चारशेच्या वर नळ दुरुस्त केले.

ना पोशाख, ना मुखवटा, ना घोडा. हातात पाना असलेला एक प्लंबर आणि कुडता घातलेला एक म्हातारा लेखक. ज्या माणसाने कागदावर सुपरहीरो काढला, तो म्हातारपणी स्वतः ती मधली रिकामी जागा भरायला घराबाहेर पडला. यावर कुणी सिनेमा काढलाच, तर माझी एकच विनंती आहे : पार्श्वसंगीत जरा कमी ठेवा. थेंब पडायचा थांबला, हे ऐकू यायला हवं.

असो. फार लांबलं. तुमच्यापैकी कुणाकडे मराठी इंद्रजालचे जुने अंक असतील, शेवटची पानं नसलेले, तर जरूर कळवा. शेवट आम्ही लिहू :)